रकान्यात मावेल तेवढंच

सलायना, कॅन्सस. रात्रीचे अकरा.
एअरलाइनचा अर्ज सतराव्या पानावर अडून बसलाय:
आजवर एखाद्या उड्डाण-परीक्षेत नापास झाला आहात का?
'हो'वर टिचकी मारली की खाली एक रकाना उघडतो,
अडीचशे अक्षरांचा,
मधल्या मोकळ्या जागा धरून.

पहिली नापासी सप्टेंबरातली.
धावपट्टीवरची तिसरी पांढरी रेघ मीच निवडली होती:
इथे उतरेन, हिच्या आधी नाही.
चाकं टेकली दोन हात अलीकडे.
परीक्षक व्हर्नन उनरू काही बोलला नाही.
टोपी काढली, परत घातली,
ऑफिसात दोन बोटांनी टाइप करत बसला.
प्रिंटर अडकला तेव्हा म्हणाला, सॉरी.
मला म्हणाला की प्रिंटरला, कळलं नाही.
त्या कागदाला इथे सगळे गुलाबी चिठ्ठी म्हणतात.
कागद पांढराच होता.

दुसरी, डोळ्यांवर घाण्याच्या बैलासारखी झापड लावून
नुसत्या काट्यांच्या भरवशावर उतरताना.
ठरलेल्या उंचीच्या साठ फूट खाली गेले.
साठ फूट म्हणजे मिरजेतली आमच्या गल्लीची पाण्याची टाकी.
खाली ज्वारीचं शेत होतं.
इथे मैलोन् मैल ज्वारी पिकते
आणि भाकरी कुणाला ठाऊक नाही.

बाबा दहावीच्या गणिताचे पेपर तपासायचे.
चौतिसावर अडकलेल्या पोराचा एक मार्क शोधत
पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचे,
लाल पेन कानावर ठेवून.
फोनवर म्हणाले, तिकडे एटीकेटी नसते का गं?
असते बाबा. पुन्हा दिली, पास झाले.
मग झालं तर!
झालं, पण पुसलं जात नाही.
सरकारी नोंद आहे,
पास खाली येतो, नापास त्याच्या वर तसाच राहतो.
ब्रॅडीने अर्जात दोनाची एक केली होती.
तो आता टोपीकात फरश्या विकतो.

आज सकाळी माझा विद्यार्थी नापास झाला.
वेस्ली फ्रीसन, वय वीस,
रात्रपाळीत गोठवलेले पिझ्झे खोक्यात भरतो
आणि त्या पैशांत तासातासाने आकाश विकत घेतो.
हँगरमध्ये उलट्या बादलीवर बसला होता.
त्याची नापासी माझ्याही खात्यावर चढते,
हा विचार माझ्या मनात आधी आला.
खोटं कशाला बोलू.
मग त्याने विचारलं, मी संपलो का?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
हे इंग्रजीत कसं सांगायचं?
शिवाय माझ्या बाबतीत पुढची मीच, मागचीही मीच,
आणि दगड दर वेळी नवा.
मी म्हटलं, माझ्या तीन आहेत.
त्याने खात्रीसाठी तीन बोटं वर केली.
मी मान हलवली.
बोटांना ग्रीस लागलं होतं.
तिसरी कोणती?
शिक्षक व्हायच्या परीक्षेतली.
विमान वळताना नाक आधी कुठे ओढलं जातं,
तो बाण फळ्यावर उलटा काढला,
आणि वीस मिनिटं तो उलटा बाण
अगदी उत्तम समजावून सांगितला.
वेस्ली हसला. मग एकदम गप्प झाला.
तेव्हा घरी काय सांगितलंत?

वारा दक्षिणेचा. दार आपटत होतं.
मी म्हटलं, विमान आत ढकलू या, हात लाव.

आता रकाना.
लिहिते: तीन. तारखा. काय चुकलं, काय शिकले.
दोनशे एकेचाळीस अक्षरं.
नऊ उरली.
नऊ अक्षरांत काही मावत नाही.
अर्ज पाठवून दिला.

मिरजेत सकाळचे साडेनऊ.
बाबांच्या हिशेबात अजून दोनच आहेत.
एक मार्क शोधायची सवय असलेल्या माणसाला
मी पूर्ण पेपरच दाखवला नव्हता.

फोन वाजतोय.
चष्मा शोधत असतील,
त्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही.